भरलेली डिस्क आणि चार प्रश्नांचा संच : स्व-होस्टिंगचे एक प्रकरण

विकेंद्रित समाजमाध्यम एका कंपनीच्या नव्हे, तर एकमेकांशी बोलणाऱ्या अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर चालते. असा सर्व्हर स्वतः उभा करणे (स्व-होस्टिंग) आता फारसे अवघड राहिलेले नाही. तो चालता ठेवणे अवघड आहे, आणि ज्याने तो उभा केला तोच हाताशी नसताना चालता ठेवणे त्याहून अवघड. हे प्रकरण त्या तिसऱ्या परिस्थितीतून सुरू झाले. गट आणि माणसे ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत.

## पार्श्वभूमी

हौशी पक्षीनिरीक्षकांचा एक गट तीन वर्षे मॅस्टोडॉन या मुक्त समाजमाध्यम-सॉफ्टवेअरवर स्वतःचा सर्व्हर चालवत होता. खाती ३८, त्यांतली रोज लिहिणारी दहा-बारा. यंत्र भाड्याचे, आभासी : २ कोर, ४ जीबी रॅम, ८० जीबी डिस्क. तांत्रिक जबाबदारी सगळी एका सदस्यावर. त्याला इथे पहिला अ‍ॅडमिन म्हणू. आपली छायाचित्रे, नोंदी आणि त्यांवरची चर्चा कुठल्या कंपनीच्या मर्जीवर राहू नये, ही गटाची इच्छा रास्त होती. अ‍ॅक्टिव्हिटीपब हा सर्व्हरांनी एकमेकांशी बोलण्याचा प्रोटोकॉल जानेवारी २०१८ मध्ये डब्ल्यू३सी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेची अधिकृत शिफारस झाला. त्यामुळे छोट्या सर्व्हरवरच्या माणसालाही मोठ्या सर्व्हरवरच्या माणसांशी बरोबरीने बोलता येते.

मात्र मॅस्टोडॉन म्हणजे एकच प्रोग्राम नव्हे. पाने दाखवणारा रेल्सचा भाग, मागची कामे उरकणारा साइडकिक, थेट प्रवाहासाठी नोडचा वेगळा सर्व्हर, पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि रेडिस हा तात्पुरत्या नोंदींचा साठा असे पाच भाग सतत चालू लागतात. पाचांपैकी एक अडला की बाकीचे कमीअधिक वेळात अडतात.

याच सुमारास याच विषयातल्या तीन लहान गटांनी या गटाला विचारले : आम्हालाही आमचा सर्व्हर हवा आहे, पण आमच्यात प्रोग्रामर कोणी नाही. जमेल का? उत्तर ठरायच्या आधीच मूळ सर्व्हर बंद पडला.

## काय बिघडले

बंद पडण्याच्या अकरा आठवडे आधी सदस्यांची तक्रार होती की टाइमलाइन ओस पडलेली दिसते. छोट्या सर्व्हरवर हे होतेच. सर्व्हरकडे मुख्यतः त्याच खात्यांच्या पोस्ट येतात ज्यांना त्याच्यावरचे कोणीतरी फॉलो करते. उरलेले जग त्याला दिसत नाही. पहिल्या अ‍ॅडमिनने उपाय म्हणून सर्व्हर एका मोठ्या रिलेला जोडला. रिले म्हणजे जोडलेल्या सगळ्या सर्व्हरांच्या सार्वजनिक पोस्ट एकमेकांकडे ढकलणारी वाहिनी. टाइमलाइन एका रात्रीत भरून वाहू लागली आणि सगळे खूश झाले.

बाहेरून आलेल्या प्रत्येक पोस्टचे चित्र, प्रत्येक अनोळखी खात्याचा अवतार आणि शीर्षचित्र मॅस्टोडॉन आपल्या डिस्कवर उतरवून घेतो. ही साठवण किती दिवसांनी पुसायची याची चौकट प्रशासन-पानावर असते. ती रिकामी असेल तर काहीच पुसले जात नाही, आणि इथे ती रिकामी होती. डिस्कचा वापर अकरा आठवड्यांत ३१ जीबीवरून ७० जीबीच्या पुढे गेला. भरीला रोज रात्रीचा डेटाबेसचा बॅकअप त्याच डिस्कवर उतरत होता आणि चौदा दिवसांच्या प्रती जपल्या जात होत्या.

एका शनिवारी पहाटे जागा संपली. पोस्टग्रेसला आपली डब्ल्यूएएल नोंद (प्रत्येक बदल आधी जिच्यात लिहिला जातो ती) लिहिता येईना, तेव्हा तो घाबरून बंद झाला. त्याचा संदेशही 'पॅनिक' असाच असतो. रेडिसला आपली प्रत (स्नॅपशॉट) डिस्कवर लिहिता येईना, म्हणून त्याने नवी नोंद घेणे नाकारले. पान उघडणाऱ्याला फक्त ५०० क्रमांकाची चूक दिसत होती. पहिला अ‍ॅडमिन प्रवासात, फोन बंद. यंत्राच्या खात्याचा पासवर्ड आणि दुरून यंत्रात शिरायची एसएसएच किल्ली दुसऱ्या कोणाकडेही नव्हती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्याशी संपर्क झाला, आणि गटातली एक सदस्य, जी पुढे दुसरी अ‍ॅडमिन झाली, फोनवर त्याचे ऐकत पहिल्यांदा यंत्रात शिरली. डिस्कवर काय काय मोठे आहे हे पाहताना तिला पोस्टग्रेसच्या डब्ल्यूएएल फोल्डरमध्ये दोन-अडीच जीबी दिसले. नावावरून त्या नुसत्या लॉग फाइली वाटतात, म्हणून ती त्या पुसणार होती. फोनवरच्या माणसाने वेळीच अडवले. त्या फाइली पुसल्या असत्या तर डेटाबेस उघडलाच नसता, किंवा उघडूनही आतून तुटका राहिला असता. डिस्क भरलेल्या पोस्टग्रेसवर माणसे सर्वांत जास्त नुकसान करून घेतात ते इथेच.

जागा दुसरीकडून काढली. ईएक्सटी४ फाइलव्यवस्था सहसा ५ टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. ८० जीबीवर ती ४ जीबी होते आणि पोस्टग्रेसला ती वापरता येत नाही. राखीव प्रमाण १ टक्क्यावर आणले आणि ३ जीबीच्या आसपास जागा तत्काळ मिळाली. सिस्टिमचे जुने जर्नल छाटून आणखी थोडी मिळाली. मग क्रमाने पोस्टग्रेस, रेडिस आणि त्यानंतर टूटसीटीएल हे मॅस्टोडॉनचे व्यवस्थापन-साधन वापरून सात दिवसांपेक्षा जुनी परकी चित्रे पुसणे. हा क्रम उलटा करता येत नाही, कारण टूटसीटीएल स्वतःच डेटाबेस चालू असल्याशिवाय काम करत नाही.

बॅकअप तपासले तेव्हा शेवटच्या तीन प्रती शून्य बाइटच्या निघाल्या. त्याआधीच्या प्रती ठीक होत्या, पण त्यांत सर्व्हरची गुप्त मूल्ये ठेवणारी पर्यावरण-फाइल नव्हती. म्हणजे द्विस्तरीय लॉगिनची गुपिते आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्या एकाच ठिकाणी होत्या : जी डिस्क नुकतीच मरता मरता वाचली होती, तिच्यावर.

एकूण साठ तासांच्या आसपास सर्व्हर बंद होता. पाठवणारे मॅस्टोडॉन सर्व्हर न पोहोचलेली पोस्ट वाढत्या अंतराने सोळा वेळा पुन्हा पाठवून पाहतात, आणि ते प्रयत्न साधारण दोन दिवसांत संपतात. म्हणून शनिवारी सकाळी आलेल्या पोस्ट कायमच्या हुकल्या. नंतरच्या बहुतेक पोहोचल्या. सात वेगवेगळ्या दिवशी पाठवणे फसले तर पाठवणारा सर्व्हर समोरच्याला 'अनुपलब्ध' ठरवून पाठवणेच थांबवतो. ती वेळ इथे आली नाही.

## विचारात घेतलेले पर्याय

आता प्रश्न दोन झाले : मूळ सर्व्हरचे काय, आणि तीन नव्या गटांचे काय. पहिल्याचे उत्तर लवकर मिळाले. मॅस्टोडॉन ठेवायचा, रिले तोडायचा, साठवणीला सात दिवसांची मर्यादा घालायची, बॅकअप दुसऱ्या ठिकाणी पाठवायचा आणि दुसऱ्या अ‍ॅडमिनला सगळे प्रवेश द्यायचे. चालू सर्व्हर बदलण्याचे कारण नव्हते.

नव्या गटांसाठी सर्वांत सोपा पर्याय होता सगळ्यांना मूळ सर्व्हरवरच खाती देण्याचा. तांत्रिकदृष्ट्या त्यात काहीच अडचण नव्हती. गटांचा आक्षेप नियमांना होता : कोणाला अडवायचे, कोणत्या सर्व्हरशी संबंध तोडायचे, हे दुसऱ्या गटाने ठरवावे हे त्यांना मान्य नव्हते. दुसरा पर्याय, पैसे देऊन कोणाकडून तरी तयार सर्व्हर चालवून घेण्याचा. डोमेन आपल्या नावावर असेल आणि डेटाबेसची प्रत हवी तेव्हा मिळत असेल, तर हा पर्याय कमीपणाचा मुळीच नाही. दोन गटांनी तो नाकारला तो स्वतः शिकायची इच्छा होती म्हणून.

युनोहोस्टचा विचार बराच वेळ झाला. डेबियनवर आधारलेली ही व्यवस्था डोमेन, सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र, रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या विनंत्या आतल्या सेवेकडे देणारा मध्यस्थ), मेल आणि बॅकअप एका वेबपानावरून सांभाळते, आणि तिच्यात मॅस्टोडॉन व गोटूसोशल (त्याच प्रकारचा हलका सर्व्हर) दोन्हींची पॅकेजेस आहेत. शंका एकच होती : सुरक्षेची नवी आवृत्ती निघाल्यापासून पॅकेज तयार होईपर्यंतचा काळ. ही शंका हवेतली नव्हती. जुलै २०२३ मध्ये मॅस्टोडॉन ४.१.३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ४.२.५ या आवृत्त्या गंभीर त्रुटी बुजवण्यासाठी काढाव्या लागल्या. दुसऱ्या वेळी तर दूरच्या कोणालाही दुसऱ्याच्या खात्याचे सोंग घेता येत होते. अशा वेळी एकेक दिवस महत्त्वाचा असतो. आमच्या मते, ज्या गटाला आणखीही दोन-चार सेवा चालवायच्या आहेत त्याच्यासाठी युनोहोस्ट आजही चांगली निवड आहे. इथे सेवा एकच होती.

उरले दोन : मॅस्टोडॉनचा कंटेनर-संच (प्रत्येक भाग आपापल्या बंदिस्त डब्यात चालवण्याची मांडणी), किंवा गोटूसोशल. गोटूसोशल गो भाषेत लिहिलेला, एकाच प्रोग्राम-फाइलमधून (बायनरी) चालणारा सर्व्हर आहे; डेटाबेस एकाच फाइलीत राहणारा एसक्यूलाइट असला तरी चालते. रेडिस नाही, साइडकिक नाही, नोड नाही. दहा-वीस खात्यांना १ जीबी रॅमचे यंत्र पुरते, फक्त व्हिडिओवर प्रक्रिया होताना स्मृती उसळते म्हणून १ ते २ जीबी स्वॅप, म्हणजे डिस्कवरची जादा स्मृती, ठेवावा. उणिवाही खऱ्या आहेत. पोस्ट लिहायला त्याचे स्वतःचे वेबपान नाही; टस्की किंवा फॅनपीसारखे क्लायंट वापरावे लागतात. रिलेची सोय नाही. शेवटची उणीव त्या आठवड्यात कोणालाच उणीव वाटली नाही.

गोटूसोशल ठरले. त्यामागचे कारण रॅमची बचत नव्हते. पाच भागांपैकी कोणता अडला हे ओळखायला अनुभव लागतो. एक प्रक्रिया आणि एक डेटाबेस-फाइल असेल तर नवख्या माणसालाही बिघाडाचे ठिकाण सापडते.

## संचात काय ठेवले

पहिला अ‍ॅडमिन आणि दुसरी अ‍ॅडमिन यांनी मिळून एक छोटा संच बनवला. गोटूसोशल आणि कॅडी (रिव्हर्स प्रॉक्सी) असे दोन कंटेनर, तीन स्क्रिप्ट आणि छापून ठेवायचे एक पान. स्थापनेच्या वेळी विचारायचे प्रश्न फक्त चार : डोमेन कोणते, अ‍ॅडमिनचा ईमेल कोणता, बॅकअप कुठे पाठवायचा, आणि यंत्र घरी आहे की भाड्याचे. बाकी सगळे आधीच ठरवलेले. परकी चित्रे सात दिवस. नोंदणी बंद, खाती अ‍ॅडमिनने आज्ञावलीतून उघडायची. त्यामुळे मेल पाठवण्याची सगळी भानगड, म्हणजे पाठवणारा खरा असल्याचे दाखवणाऱ्या एसपीएफ व डीकेआयएम नोंदी आणि अडवलेले मेलचे पोर्ट २५, पहिल्या दिवसापुरती टळते. कंटेनरच्या लॉगना आकाराची मर्यादा, कारण कंटेनर चालवणारा डॉकर मुळात त्या छाटत नाही. आवृत्तीचा नेमका क्रमांक लिहिलेला. 'लेटेस्ट' हा शिक्का कुठेही नाही. आणि डिस्कवर नुसती जागा अडवणारी २ जीबीची एक फाइल : जागा संपलीच तर ती पुसायची आणि शांत डोक्याने पुढचे काम करायचे.

डॉकरबद्दल एक गोष्ट संचाच्या पहिल्या मसुद्यात चुकली होती. यूएफडब्ल्यू या फायरवॉलने पोर्ट बंद केले तरी डॉकरने उघडलेले पोर्ट बाहेरून दिसत राहते, कारण डॉकर आपले नियम त्याला वळसा घालून लिहितो. म्हणून गोटूसोशलचे पोर्ट बाहेर उघडायचेच नाही. ते फक्त कॅडीला आतल्या जाळ्यातून दिसावे, असा बदल केला.

सर्वांत उपयोगी ठरली ती पूर्वतपासणीची स्क्रिप्ट. ती स्थापनेआधी काही गोष्टी पाहते आणि चूक असेल तर पुढे जाऊच देत नाही : डोमेन याच यंत्राकडे येते का, पोर्ट ८० आणि ४४३ बाहेरून उघडी आहेत का, घड्याळ जुळलेले आहे का, २० जीबी जागा मोकळी आहे का. आयपीव्ही६ची, म्हणजे नव्या प्रकारच्या इंटरनेट पत्त्याची, तपासणी नंतर घातली, पहिल्या गटाचे दोन तास वाया गेल्यावर. त्यांच्या डोमेनला आयपीव्ही६ पत्ता सांगणारी जुनी एएएए नोंद होती, पण यंत्रावर आयपीव्ही६ चालत नव्हते. प्रमाणपत्रे देणारी लेट्स एन्क्रिप्ट दोन्ही पत्ते असतील तर आधी आयपीव्ही६ वर जाते. तिथे भलतेच यंत्र उत्तर देत होते आणि प्रमाणपत्र मिळत नव्हते. त्यांनी पुन्हा पुन्हा प्रयत्न केले. तासाभरात पाच पडताळण्या फसल्या की लेट्स एन्क्रिप्ट त्या नावासाठी थांबायला लावते. त्यानंतर नोंद दुरुस्त करूनही काही वेळ काहीच होत नाही आणि माणसाला वाटते की दुरुस्तीच चुकली.

## निर्णयाचे क्षण

डोमेन. इथे सर्वांत जास्त वेळ घालवला आणि तो योग्यच होता. सर्व्हरचा पत्ता एकदा इतर सर्व्हरांशी बोलला की बदलता येत नाही. प्रत्येक पोस्टची आणि खात्याची ओळखच त्या पत्त्यातून बनते. तिन्ही गटांची संकेतस्थळे आधीपासून होती, आणि खात्याच्या नावात 'सोशल' असा उपडोमेन नको, मूळ डोमेनच हवे, असे सगळ्यांना वाटत होते. ते शक्य असते : सर्व्हर उपडोमेनवर ठेवायचा आणि मूळ संकेतस्थळावरून वेबफिंगर, होस्ट-मेटा व नोडइन्फो या तीन 'वेल-नोन' वाटा, जिथे इतर सर्व्हर खात्यांची आणि सर्व्हरची माहिती विचारतात, उपडोमेनकडे वळवायच्या. पण वेबफिंगरचे उत्तर खात्याच्या नावानुसार बदलते, त्यामुळे तिथे एक ठरावीक फाइल ठेवून भागत नाही. प्रश्नचिन्हापुढचा भाग जपत पुढे पाठवणारे खरे पुनर्निर्देशन लागते. दोन गटांच्या संकेतस्थळांवर अशी सोय नव्हती. शिवाय संकेतस्थळ पुढे दुसरीकडे हलवणाऱ्या माणसाला ही वळणे आठवणार नाहीत, ही भीती होती. तिघांनीही उपडोमेनच खात्याच्या नावात ठेवला. दिसायला थोडे लांब, पण मोडण्यासारखे काही उरले नाही.

घर की भाड्याचे यंत्र. दुसऱ्या गटाने घरी एका छोट्या सिंगल-बोर्ड संगणकावर सर्व्हर ठेवायचे ठरवले. राउटरवर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ने सुरू होत होता. १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचे पत्ते इंटरनेट पुरवठादाराच्या सामायिक नॅटसाठी, म्हणजे अनेक ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवण्यासाठी, राखीव आहेत. अशा जोडणीवर राउटरमध्ये पोर्ट कितीही उघडा, बाहेरून कोणी आत येत नाही. म्हणून एक अगदी लहान भाड्याचे यंत्र पुढे ठेवले आणि तिथून घरापर्यंत वायरगार्डचा बोगदा, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली खाजगी जोडणी, काढला. घराकडच्या टोकाला दर २५ सेकंदांनी जागे राहण्याचा संदेश लावला, नाहीतर नॅट वाट विसरते. तरीही मोठी चित्रे चढवताना अडकत होती आणि छोटे मजकूर व्यवस्थित जात होते. हे लक्षण दिसले की एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, पाहावा. वायरगार्डचा नेहमीचा आकडा १४२०. या जोडणीवर तो १३८० करताच अडकणे थांबले.

त्याच संगणकाला वीज गेल्यावर वेळ जपणारे बॅटरीचे घड्याळ नव्हते. अ‍ॅक्टिव्हिटीपबच्या विनंत्यांवर सही असते आणि सहीत तारीख असते; घड्याळ फार मागे असेल तर इतर सर्व्हर सही नाकारतात. म्हणून वेळ नेटवरून जुळल्याशिवाय कंटेनर सुरूच होऊ नये, अशी अट घातली. डेटाबेस एसडी कार्डावरून काढून यूएसबी एसएसडीवर नेला. सततच्या लहान लहान लेखनाने एसडी कार्डे झिजतात, आणि आधी काही न कळवता झिजतात.

प्रॉक्सी. तिसऱ्या गटाकडे आधीच एनजिन्एक्स हा वेब सर्व्हर प्रॉक्सी म्हणून चालू होता, म्हणून त्यांनी संचातला कॅडी वगळला. त्यांना लोक शोधता येत होते, पण पाठवलेली प्रत्येक फॉलो-विनंती 'प्रलंबित' राहत होती. कारण असे : समोरचा सर्व्हर विनंती स्वीकारून तसे कळवायला परत येतो, त्याच्या सहीत होस्टचे नाव असते, एनजिन्एक्स मूळ होस्टऐवजी आतल्या कंटेनरचे नाव पुढे देत होता, सही जुळत नव्हती आणि ४०१, म्हणजे 'ओळख पटली नाही', परत जात होते. कॅडी मूळ होस्ट आपोआप पुढे देतो, एनजिन्एक्सला ते सांगावे लागते. एका ओळीची दुरुस्ती, पण लक्षण इतके दूरचे की ती सापडायला चार दिवस गेले.

पाठोपाठ दुसरी अडचण आली. संध्याकाळी सगळे एकदम वापरू लागले की सगळ्यांनाच ४२९, म्हणजे 'फार विनंत्या', असे उत्तर येई. गोटूसोशल प्रत्येक आयपी पत्त्याला पाच मिनिटांत ३०० विनंत्यांची मर्यादा घालतो. प्रॉक्सीचा पत्ता विश्वासू पत्त्यांच्या यादीत नसल्यामुळे त्याला सगळे सदस्य एकाच पत्त्यावरून येताना दिसत होते. मर्यादा बंद करण्याचा मोह झाला होता, पण तसे केले नाही. यादीत पत्ता घातला. त्यानंतर संचात एक नियम आला : कॅडी वगळायचा नाही. स्वातंत्र्य थोडे कमी झाले, पण मदत मागायला येणाऱ्या प्रत्येकाची मांडणी एकसारखी झाली, आणि फोनवर मदत करायची तर तेच लागते.

अडवण्याची यादी. संचात तयार मोठी यादी द्यावी का, यावर मतभेद होते. मूळ मॅस्टोडॉन सर्व्हरवर पूर्वी अशी एक यादी घाईत भरली होती. तेव्हा काही सदस्यांचे चांगले संबंध तुटले. संपूर्ण डोमेन निलंबित केले की दोन्हीकडचे फॉलो काढून टाकले जातात, आणि बंदी उठवली तरी ते परत येत नाहीत. शेवटी प्रत्येक नोंदीपुढे कारण लिहिलेली, एका पानात मावणारी यादी ठेवली आणि ती भरायची की नाही हे गटावर सोडले. हा प्रश्न कुठल्याही संचाने सुटणारा नाही.

## बॅकअपची तालीम

या प्रकरणातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, म्हणून तो वेगळा काढला आहे.

चालू एसक्यूलाइटची फाइल नुसती उचलून चालत नाही. ताजे बदल शेजारच्या डब्ल्यूएएल फाइलमध्ये असू शकतात आणि प्रत अर्धवट निघते. संचातली स्क्रिप्ट एसक्यूलाइटच्या स्वतःच्या बॅकअप-आज्ञेने प्रत काढते, त्या प्रतीवर अखंडतेची तपासणी चालवते, मग ती प्रत, स्थानिक चित्रे आणि मांडणीची फाइल रेस्टिक या बॅकअप-साधनाने दुसऱ्या ठिकाणी पाठवते. प्रत शून्य बाइटची किंवा कालच्यापेक्षा निम्म्याहून लहान निघाली तर ती थांबते आणि संदेश पाठवते.

मग नियम असा : पहिल्या पंधरा दिवसांत सर्व्हर बॅकअपमधून एकदा उभा करून दाखवायचा, आणि तो स्थापना न करणाऱ्या माणसाने. फक्त छापील पान पाहून. तालमीच्या यंत्राचा बाहेरचा संपर्क तोडूनच, नाहीतर जुन्या स्थितीतला दुसरा सर्व्हर त्याच नावाने जगाशी बोलू लागेल.

पहिल्या गटाची पहिली तालीम फसली. रेस्टिकचा पासवर्ड फक्त मूळ यंत्रावर होता. बॅकअप सुरक्षित होता आणि कोणालाच उघडता येत नव्हता. त्या दिवसापासून पासवर्ड छापील पानावर, दोन घरांत. दुसरी तालीम ४७ मिनिटांत पार पडली, आणि ती करणाऱ्या सदस्याने त्याआधी कधी टर्मिनल उघडले नव्हते.

यावर इतका भर का, हे गटांना नीट समजावून सांगावे लागले. प्रत्येक खात्याची खाजगी किल्ली डेटाबेसमध्ये असते. डेटाबेस गमावून त्याच डोमेनवर कोरा सर्व्हर उभारला, तर नाव तेच पण किल्ली नवी. इतर सर्व्हरांकडे जुनी किल्ली साठवलेली असते आणि सह्या जुळत नाहीत. तेव्हा हरवतात त्या केवळ जुन्या पोस्ट नव्हेत, त्या डोमेनवरची ओळखच बिघडते.

## निष्पत्ती

सहा महिन्यांनी पहिले दोन गट स्वतंत्रपणे चालू होते. त्यांच्या डिस्कचा वापर ६ आणि ९ जीबीवर स्थिरावला होता. मूळ सर्व्हरवरच्या ३८ पैकी ११ जणांनी आपली खाती नव्या सर्व्हरांवर नेली. त्याची पद्धत अशी : नव्या खात्यात जुन्याचा उल्लेख टोपणनाव म्हणून करायचा, मग जुन्या खात्यातून स्थलांतर सुरू करायचे. फॉलोअर आपोआप येतात. आपण कोणाला फॉलो करतो ती यादी सीएसव्ही फाइलने न्यावी लागते. जुन्या पोस्ट येत नाहीत. हे शेवटचे दोघांना आधी कोणी सांगितले नव्हते आणि त्यांना फार वाईट वाटले. आता स्थलांतराच्या सूचनांत ते पहिल्याच ओळीत आहे.

ओस टाइमलाइनची तक्रार नव्या गटांतही आलीच. रिलेऐवजी साठेक खात्यांची एक सुरुवातीची सीएसव्ही यादी दिली. ती पुरेशी ठरली, पण दुसऱ्याच्या पोस्टखालची सगळी उत्तरे न दिसण्याचा प्रश्न तिने सुटला नाही.

तिसरा गट चौथ्या महिन्यात थांबला. तांत्रिक कारण काहीच नव्हते. त्यांच्याकडे दुसरा अ‍ॅडमिन शेवटपर्यंत तयार झाला नाही, आणि जो होता त्याने प्रामाणिकपणे सांगितले की एकट्याने हे पेलवत नाही. त्यांनी खाती मूळ सर्व्हरवर हलवली. आमच्या मते हा निर्णय शहाणपणाचा होता. सर्व्हर लगेच बंद केला नाही, हे विशेष चांगले केले. फॉलोअर हलण्याचे काम इतर सर्व्हरांच्या सवडीने होते आणि तोपर्यंत जुना पत्ता उत्तर देत राहावा लागतो. आठ आठवडे चालू ठेवून मग त्यांनी खाती रीतसर पुसली, म्हणजे इतरत्र त्यांच्या निर्जीव प्रती उरू नयेत.

## वेगळे काय करता आले असते

दुसऱ्या अ‍ॅडमिनची अट संचाच्या पहिल्या प्रश्नाआधी यायला हवी होती. चार प्रश्नांत यंत्राची सगळी माहिती होती आणि माणसांची काहीच नव्हती. आता स्थापना-स्क्रिप्ट दोन ईमेल आणि दोन एसएसएच किल्ल्या मागते, आणि एकच दिली तर पुढे जात नाही. यावर कुरकुर झाली आहे. अट तशीच आहे.

तिसऱ्या गटाला एनजिन्एक्स वापरू देणे ही मनमोकळेपणाने केलेली चूक होती. त्यांचे पहिले दोन आठवडे प्रॉक्सीशी झगडण्यात गेले, आणि जो माणूस दुसरा अ‍ॅडमिन होऊ शकला असता तो त्याच काळात कंटाळून बाजूला झाला.

प्रमाणपत्राच्या मुदतीवर बाहेरून नजर ठेवणे उशिरा सुरू झाले. कॅडी ९० दिवसांचे प्रमाणपत्र मुदतीआधीच नवे करतो, म्हणून कोणाला गरज वाटली नाही. पण लेट्स एन्क्रिप्टने २०२५ मध्ये मुदत संपत आल्याचे ईमेल पाठवणे बंद केले आहे, त्यामुळे नूतनीकरण काही कारणाने अडले तर आता कोणीच सांगत नाही. दोन्ही गट आता एकमेकांचे सर्व्हर तपासतात : दर दहा मिनिटांनी पान उघडते का, आणि प्रमाणपत्राचे २० पेक्षा कमी दिवस उरलेत का.

आवृत्ती बदलण्याचा प्रश्न अजून नीट सुटलेला नाही. नेमका क्रमांक लिहिल्यामुळे आपोआप काही बिघडत नाही, पण सुरक्षेची आवृत्ती निघाली की कोणीतरी टिपणे वाचून, बॅकअप काढून, क्रमांक बदलावा लागतो. सध्या मूळ सर्व्हरची दुसरी अ‍ॅडमिन ही टिपणे वाचते आणि दोन्ही गटांना 'आजच करा' किंवा 'पुढच्या रविवारी करा' एवढे कळवते. ती प्रवासात असेल तेव्हा हे कोण करणार, याचे नाव छापील पानावर लिहायची जागा आहे. एका गटाच्या पानावर ती अजून कोरी आहे.